बाजी आणि गुलाबी पाणी

"चिमटा आणा!" रेगेसाहेब ओरडले. "आत्ताच्या आत्ता आणा! आणि त्या इंगवल्यांना बोलवा!"

इंगवले सरांना बोलवायची काही गरज नव्हती. ते गोठ्याच्या दारातच उभे होते, मिशीवरून हात फिरवत, आणि रेगेसाहेबांच्या नव्या कोऱ्या गाडीकडे बघत होते. गाडीच्या दाराला मधोमध भोक पडलं होतं. ते पाडणारा, म्हणजे आमच्या पशुवैद्यक कॉलेजचा खिलार वळू बाजी, बाजूलाच निवांत कडबा खात उभा होता. एका शिंगाला गाडीचा निळा रंग लागला होता, नाहीतर तो मी नव्हेच म्हणायलाही त्यानं कमी केलं नसतं.

मी सरांच्या मागे सुया-बाटल्यांचा ट्रे धरून उभी होते आणि हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावत होते. रेगेसाहेब आमचे डीन. माणूस वाईट नव्हता, पण जनावरांच्या कॉलेजचा डीन असून जनावरांना भ्यायचा.

"साहेब, त्याची काही चूक नाही," सर म्हणाले. "तुम्ही गाडी त्याच्या सावलीच्या जागी लावलीत."

"म्हणजे आता मी वळूला विचारून गाडी लावू?"

"विचारायला काय हरकत आहे? तो तुमच्या आधीपासून इथं आहे."

रेगेसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "इंगवले, थट्टा पुरे. ह्या जनावराचं वीर्य आता कुणी घेत नाही. नुसता बसून खातोय आणि माणसांच्या अंगावर जातोय. चिमटा लावून खच्ची करून टाका. शांत होईल, वैरणीच्या गाडीला जुंपता येईल. त्या हवालदारासारखा."

हवालदार म्हणजे आमचा बैल. तो तेव्हा नेमका गाडी ओढत समोरून चालला होता, मान खाली घालून, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी भर चौकात शिवी दिली असावी.

"बाजी? हवालदारासारखा?" सरांचा आवाज एकदम खाली आला. मग त्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "ह्या लाटकर बघा. ह्यांचा प्रबंध बाजीवर चाललाय. त्याच्या अंगातली ताकद कुठून येते ते ह्या सिद्ध करतायत. आज चिमटा लावला तर ह्यांचं सगळं काम मातीत गेलं."

मी मान डोलावली. दुसरं करणार तरी काय?

"ठीक आहे," रेगेसाहेब म्हणाले. "बेंदराच्या आदल्या दिवशी समिती बसेल. लाटकरबाईंनी तिथं दाखवायचं, वळूला वळू ठेवून कॉलेजचा काय फायदा. नाही पटलं तर बेंदूर झाला की चिमटा. आणि तो तुम्हीच लावायचा, इंगवले. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

ते मात्र खरं होतं. सरांनी चिमटा लावला तर जनावर रवंथ थांबवत नाही, असं विद्यार्थी सांगायचे. आसपासच्या गावांतले निम्मे बैल सरांच्याच हाताखालून गेलेले. तोच माणूस वर्गात म्हणायचा, "बैल म्हणजे काय रे? उरलेला वळू!" आणि मिशीला ताव द्यायचा. सरांचं सगळंच मर्दानी. चहा मर्दानी, म्हणजे बिनसाखरेचा. चाल मर्दानी. एखाद्या विद्यार्थ्याचं अक्षर चांगलं असलं तर तेही मर्दानी. मी त्यांची विद्यार्थिनी, तर मला 'लाटकर' म्हणायचे, जणू हेमांगी म्हटलं तर माझ्या संशोधनाचं वजन कमी होईल.

काम काय होतं ते सांगते. प्रत्येक स्नायूत काही मूळपेशी झोपलेल्या असतात. स्नायू फाटला, दमला, झिजला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि डागडुजी करतात. मी बाजीच्या आणि हवालदाराच्या मांडीतून सुईनं टिचभर मांस काढायचे, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायचे आणि काचेच्या बशीत वाढवायचे. त्यांना जगवायला एक खाद्यपाणी लागतं. ते गुलाबी असतं, कारण त्यात एक रंग घातलेला असतो. पाणी आंबलं की तो पिवळा पडतो आणि बदलायची वेळ झाली हे कळतं, एवढंच त्या रंगाचं काम. त्या पाण्यात पडणारा हार्मोनचा शेवटचा कणसुद्धा आम्ही कोळशातून गाळून काढायचो. सरांचा हट्टच होता तसा. त्यांना दाखवायचं होतं, की वरून काही न मिळताही वळूच्या पेशी भरारा वाढतात. वळूपण नुसतं रक्तात नसतं, ते पेशीत मुरलेलं असतं. एकदा खच्ची केलं की मुळासकट गेलं.

आणि तसंच दिसत होतं की! बाजीच्या बशीत पेशींची जत्रा भरायची. हवालदाराच्या बशीत मात्र गावात कर्फ्यू लागल्यासारखं. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसायचे आणि म्हणायचे, "बघा लाटकर, बघा! वाघ आहे वाघ!" मधेच उठून बाहेर जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा जायचे. मला वाटायचं, बाजीला बातमी द्यायला जातात. परत येताना कंबरेवर हात असायचा. वय झालं, म्हणायचे, आणि लगेच त्या शब्दाचा राग आल्यासारखे ताठ व्हायचे.

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, जवळ आला आणि खाद्यपाणी संपलं. मागवलं, तर पुरवठादारानं चुकून बिनरंगाचं पाठवलं. बाटलीत बाकी सगळं तेच, फक्त गुलाबी नाही. परत पाठवायला सवड नव्हती.

"रंगानं काय होतंय?" सर म्हणाले. "वापरा. तेवढं डोळ्यात तेल घालून बघा म्हणजे झालं."

मी वापरलं. आणि बाजीच्या पेशी झोपल्या.

मेल्या नव्हत्या, नुसत्या पडून होत्या. हवालदाराच्या जशा पडून असायच्या, अगदी तशाच. दोन्ही बशा शेजारी ठेवल्या तर कुठली वळूची आणि कुठली बैलाची, मलाही सांगता येईना. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच हातून काहीतरी घाण झाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सरांना सांगितलं तर म्हणाले, "लाटकर, तुमचं लक्ष नाही. वाघाला उपाशी ठेवलंत तुम्ही."

मग मी वाचनालयात जाऊन बसले. जुनी नियतकालिकं उपसता उपसता एका लेखात सापडलं, आणि मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. तो गुलाबी रंग म्हणजे नुसता रंग नव्हता. त्याचा रेणू थोडासा स्त्रीच्या हार्मोनसारखा दिसतो. इतका, की पेशी फसतात. इस्ट्रोजेनच आलं समजून कामाला लागतात.

म्हणजे आम्ही कोळशातून हार्मोनचा कण नि कण गाळून काढत होतो, आणि वरून बादलीभर त्याची नक्कल ओतत होतो! परत आले आणि बिनरंगाच्या पाण्यात चिमूटभर खरं इस्ट्रोजेन घातलं. बाजीच्या पेशी खडबडून जाग्या झाल्या. वाघ डरकाळ्या फोडायला लागला.

आता हे सरांना सांगायचं कसं? बाजीचा निकाल माझ्या तोंडावर, माझा प्रबंध सरांच्या सहीवर, आणि सरांची अख्खी हयात त्या मिशीवर. धीर गोळा केला आणि त्यांच्या क्वार्टरवर गेले.

सर घरी नव्हते. इंदूकाकू पुरणाची डाळ निवडत बसल्या होत्या. काकू म्हणजे अबोल बाई, सर घरात असले की ऐकायलाच आल्यासारख्या. त्यांनी मला पाट दिला आणि डाळीतून मान वर न करता विचारलं, "काय निघालं गं बाजीचं?"

"काकू, जरा घोळ झालाय."

"हार्मोन काढून घेतला की त्याची ताकद जाते का? तेवढं सांग."

मी बघतच राहिले. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत विचारतील असा प्रश्न. "तुम्हाला एवढं कसं..."

"मला नाही तर कुणाला कळणार? घरात दुसरा विषय आहे का?" काकूंनी ताट बाजूला सारलं. "हेमांगी, यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडात उतरलाय. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाका."

"काय काढून टाका?"

"अगं बाई, तू जनावरांची डॉक्टर ना?" काकू म्हणाल्या. "तेच. तुमच्यात बैलाचं करतात ते."

मला हसू फुटलं. खरंच फुटलं, आवरलंच नाही, आणि काकूंचा चेहरा बघून अर्ध्यातच घशात अडकलं.

"पुरुषाच्या हार्मोनवरच तो रोग पोसतो म्हणे. ते बंद केलं तर अजून बरीच वर्षं काढतील. नाही केलं तर पुढचा बेंदूर बघणार नाहीत, असं तोंडावर सांगितलं डॉक्टरांनी. आणि हे काय म्हणतात माहितेय? मी हवालदार होऊन जगणार नाही. बाजीचं काय निघतं ते बघू, मग ठरवू." काकूंचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो आता हलला. "माझ्या कुंकवाचा निकाल त्या वळूच्या मांडीत आहे बघ. आम्ही नवस बोलायचा तरी कुणाला?"

गोठ्यातल्या त्या दिवशी सर बाजीसाठी भांडत नव्हते, हे माझ्या आत्ता डोक्यात शिरलं. आणि मी तिथं ट्रे घेऊन गाल चावत उभी होते!

"काकू, मी काय सांगू त्यांना?"

"खोटं सांगू नकोस, त्यांना लगेच कळतं. जे आहे ते सांग. पण सगळं सांग, अर्धं सांगून पळू नकोस."

मी सगळं म्हणजे सगळं आधी त्यांनाच सांगितलं. गुलाबी पाणी, त्यातली नक्कल, बाजीच्या पेशी कशाच्या जिवावर वाढत होत्या ते. काकू ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसून.

"परत सांग," म्हणाल्या. "कशाच्या जिवावर?"

त्या रात्री मला झोप कसली येतेय! एकच विचार. सगळं सांग, काकू म्हणाल्या होत्या. पण सगळं कुठे केलं होतं मी? हवालदाराच्या पेशींना खरं इस्ट्रोजेन दिलंच नव्हतं. कुणाला वाटलंच नव्हतं कधी, हवालदाराला काही देऊन बघावं. उजाडल्याबरोबर लॅब उघडली आणि त्याच्या बशांत ते घातलं. मग समितीच्या दिवसापर्यंत रोज सगळ्यात आधी त्याच बशा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे.

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जूं वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. बाजीनं जन्मात कधी जूं पाहिलं नव्हतं, तरी सर दरवर्षी आधी त्याचाच खांदा मळायचे. त्या दिवशीही समिती दुपारची होती म्हणून सकाळीच बसले होते, बाह्या वर सारून. काकू लोण्याची वाटी धरून शेजारी उभ्या. पलीकडे हवालदार बांधलेला.

मी सांगायला सुरुवात केली. रंगापाशी आले तेव्हा सरांचा हात थांबला. इस्ट्रोजेनपाशी आले तेव्हा ते उठून उभे राहिले.

"म्हणजे काय लाटकर? माझा बाजी... हा बाजी... इतके महिने बायकी पाण्यावर वाढत होता?"

"हो सर. खऱ्यावर नाही, नकलीवर."

"आणि ते काढलं की?"

"काढलं की काही नाही. पडून राहतो."

"एका बाईच्या जिवावर सगळा तोरा?"

"मग त्यात नवीन काय आहे?" काकू म्हणाल्या.

पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी असं काही बोललेलं सरांनी ऐकलं नसावं. ते काकूंकडे बघत राहिले, वाटीकडे बघत राहिले. मिशीकडे हात गेला, पण त्याला लोणी लागलेलं होतं, तसाच खाली आला.

"नराच्या अंगातही ते असतंच सर," मी घाईनं म्हणाले. "वळूच्या स्वतःच्या रक्तातसुद्धा. त्याच्याच हार्मोनमधून तयार होतं."

"मला शिकवू नका," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग त्यांनी बाजीकडे पाठ केली आणि दावणीच्या पलीकडच्या टोकाकडे बघत विचारलं, "आणि ह्याचं काय?"

"हवालदाराचं?"

"हवालदाराच्या पेशींना ते दिलं तर?"

ह्याच प्रश्नासाठी मी इतके दिवस जीव मुठीत धरून बसले होते. "उठल्या सर. त्या नकली रंगानं उठत नव्हत्या, त्यांना जरा जास्त आणि खरं लागलं. पण उठल्या. काल संध्याकाळी तर भरगच्च झाल्या होत्या. चला, दाखवते."

"बाजीइतक्या?"

"थोड्या कमी. पण झोपल्यात म्हणजे गेल्या, असं नाही सर. मुळासकट काही जात नाही. त्या आहेत तिथंच आहेत."

सरांनी हाताचं लोणी कडब्याला पुसलं. मग म्हणाले, "इंदूनं सांगितलं वाटतं तुम्हाला."

मी खाली बघितलं. काकूंनी मात्र नजर हलवली नाही. "सांगितलं," म्हणाल्या. "आणि अजून सांगते. बाजीच्या अंगात काय आहे ते मला नको. मला तुम्ही पाहिजे आहात. कसेही."

बाई बोलता बोलता रडायला लागल्या, लोण्याची वाटी तशीच हातात. सरांनी वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. ती बाजीच्या पुढ्यात ठेवून दिली आणि घरी निघून गेले.

दुपारी समिती बसली. मी माझे फोटो मांडले आणि जे होतं ते सांगितलं. रेगेसाहेबांना त्यातलं एकच कळलं, की बाजी काही खास नाही.

"म्हणजे ठरलं," ते म्हणाले. "बेंदूर झाला की चिमटा. इंगवले, कधी करताय?"

सर उठले. ताठ उभे राहिले. "बाजीला लावायचा तर लावा साहेब. पण मी नसेन. मी परवा पुण्याला जातोय. मलाच लावणार आहेत."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एकेकाला कळत गेलं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या खोलीत मी सोडून सगळे पुरुष. एकानं पायावर पाय टाकला. मग दुसऱ्यानं. रेगेसाहेबांनी समोरचा पेपरवेट उचलून मांडीवर घेतला, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"इंगवले..." रेगेसाहेब म्हणाले. "काळजी घ्या. आणि तो वळू... राहू द्या. आत्ता राहू द्या."

त्यानंतर कुठल्याही समितीत बाजीचा विषय निघाला नाही. तो असाच राजासारखा कडबा खात म्हातारा झाला. माझ्या संशोधनाचा त्यात काडीचा वाटा नाही.

सर पुण्याहून आले तेव्हा निम्मे झाले होते. आधी घराबाहेरच पडेनात. प्रबंध तपासायला मला क्वार्टरवर बोलवायचे. वाचता वाचता एकदम घामाघूम व्हायचे, कान लाल, सदऱ्याची बटणं उघडायचे. काकू काही न बोलता पुठ्ठ्यानं वारा घालायच्या.

"अंगातनं वाफा निघतात हो लाटकर," एकदा सर म्हणाले. "असं कुणाला होत असेल का?"

"मला झालं होतं की," काकू म्हणाल्या. "चार वर्षं होत होतं. तुम्ही पंखा बंद करायचात, सर्दी होते म्हणून."

सरांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांच्या खुर्चीशेजारी, काकूंच्या खुर्चीच्या बाजूला तोंड करून, नवा टेबलफॅन होता. प्रबंधावर त्यांनी सही केली, आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "हेमांगी, काम चोख झालंय." मर्दानी नाही म्हणाले.

पुढचा बेंदूर त्यांनी पाहिला. त्या वर्षी मी मुद्दाम आले होते. कॉलेजच्या जनावरांची मिरवणूक निघायची होती, हलगी तापत होती, विद्यार्थी गुलाल घेऊन उभे. दरवर्षी पुढे बाजी असायचा, रेशमी झूल पांघरून, आणि त्याची वेसण धरून सर.

गोठ्याच्या दारातून सर बाहेर आले. खांदे उतरलेले, चाल सावकाश, मिशी तेवढी होती तशीच. त्यांच्या मागे ती झूल आली, शिंगांना हुरमुंजाचा लाल रंग, गळ्यात घुंगरमाळ. आणि झुलीखाली हवालदार. मान खाली घालून, नेहमीसारखा. त्याचा खांदा लोण्यानं नुसता चकाकत होता.

रेगेसाहेब नारळ घेऊन उभे होते, ते गोंधळले. "अहो इंगवले, बाजी कुठाय? मान त्याचा असतो ना?"

सरांनी हवालदाराच्या खांद्यावरच्या जुवाच्या घट्ट्यावर हात ठेवला.

"त्याचं दरवर्षी झालं साहेब," ते म्हणाले. "यंदा मान आमचा."